पाच विरुद्ध चार: शनिवारच्या सर्व्हरच्या नोंदी

शनिवार, १ जून २०२४, रात्री ११:४०

आज नऊ जण जमले. ओपनअरेना हा ऑनलाइन बंदुकांचा गेम, एलिमिनेशन मोड. एकदा मेलं की राउंड संपेपर्यंत नुसतं बघायचं, आणि ज्या टीमचा शेवटचा भिडू उभा ती जिंकली. ५ विरुद्ध ४ खेळलो. ११ राउंडपैकी चौघांना २ मिळाले, तेही सातारच्या दादाच्या रेलगन नावाच्या बंदुकीमुळे.

मी पाचांत होतो. समोरच्या चौघांत माझा पंधरा वर्षांचा पुतण्या होता. सहाव्या राउंडनंतर त्याने चॅटमध्ये लिहिणं बंद केलं. "एकच तर जास्त आहे, एवढं काय," असं मडगावचा मित्र म्हणत राहिला. मलाही कॉलेजपासून तसंच वाटत आलंय. पण आज जिंकूनही बरं वाटलं नाही.

हॉस्टेलच्या लॅनवर आम्ही हा गेम सुरू केला. क्वेक ३ या जुन्या गेमचा सोर्स कोड ऑगस्ट २००५ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुला झाला आणि त्यावर ओपनअरेना उभं राहिलं. फुकट, आणि जुन्या लॅपटॉपवरही पळतं. आता दोघे पुण्यात, एक साताऱ्यात, एक मडगावला, मावसबहीण श्टुटगार्टला. शिवाय पुढची पिढी: पुतण्या आणि बारा वर्षांची भाची. शनिवारचा हा दीड तास सगळ्यांना एकत्र आणतो, म्हणून तो मला महत्त्वाचा आहे. विषम संख्येचा हा प्रश्न नीट सोडवायचा ठरवलंय. जे करीन ते इथे लिहीन.

सोमवार, ३ जून

कोड वाचला. टीम ठरवण्याचं काम दोन ठिकाणी होतं. 'पिकटीम' हे फंक्शन नव्या खेळाडूला कमी भिडू असलेल्या टीममध्ये टाकतं, आणि संख्या सारखी असेल तर कमी गुण असलेल्या टीममध्ये. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या या दहाबारा ओळी मला फार आवडल्या.

खेळाडू स्वतः टीम निवडतो तेव्हा 'सेटटीम' चालतं. सर्व्हरवर 'जी_टीमफोर्सबॅलन्स' चालू असेल तर ते दोन्ही टीमची मोजदाद करतं. तिथल्या टिप्पणीत लिहिलंय की दोनचा फरक आपण चालू देतो. म्हणजे ४ विरुद्ध ३ चालू असताना आठवा माणूस चौघांकडे जाऊ शकतो. ५ विरुद्ध ३ झालं तरी नियम मोडत नाही. "लाल टीममध्ये खूप खेळाडू आहेत" हे त्याच्या पुढच्या माणसाला ऐकू येतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ही तपासणी फक्त दारावर होते. आत आल्यावर कुणी मध्येच गेलं, कुणाची वीज गेली, तर पुन्हा कुणी मोजत नाही. काउंटर-स्ट्राइक या गेममध्ये फरकाची मर्यादा घालणारी आणि खेळ चालू असताना आपोआप बरोबरी करणारी अशा दोन वेगळ्या सेटिंग्ज आहेत. आपल्याकडे दुसरी नाहीच. ती मलाच लिहावी लागणार.

गुरुवार, ६ जून

आज रात्री जे वाचलं त्याने झोप उडाली.

फ्रेडरिक लँचेस्टर हा इंग्रज मोटार-अभियंता. पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या लढाईबद्दल लिहिताना त्याने एक हिशोब मांडला, जो १९१६ साली पुस्तकरूपात आला. रशियात ओसिपोव्हने १९१५ मध्ये स्वतंत्रपणे तसाच हिशोब केला होता. मुद्दा असा: जिथे प्रत्येकजण प्रत्येकावर नेम धरू शकतो, तिथे फौजेची ताकद संख्येच्या प्रमाणात वाढत नाही, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जास्त माणसांचे नेम जास्त असतात, आणि समोरून येणारे नेमही जास्त डोक्यांत वाटले जातात. फायदा दोनदा मिळतो.

म्हणजे ५ विरुद्ध ४ ही लढत २५ विरुद्ध १६ ची आहे. फरक ९. त्याचं वर्गमूळ ३. सगळे सारख्याच ताकदीचे असतील तर चौघे संपतात तेव्हा पाचांपैकी तीन उभे असतात. शाळेतला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण असा समोर येईल असं वाटलं नव्हतं. शनिवारचा लॉग उघडून पाहिला. पाचांनी जिंकलेल्या नऊ राउंडपैकी सहांत शेवटी तीन किंवा जास्त जण जिवंत होते.

पण लँचेस्टरचं गणित सरासरीचं आहे, त्यात नशीब नाही. म्हणून छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका गोळीत मरण, सगळ्यांचा नेम सारखा, पुढचं कोण पडणार हे दोन्हीकडच्या डोक्यांच्या प्रमाणात. मोठ्या टीमची जिंकण्याची शक्यता अशी निघाली: २ विरुद्ध १ मध्ये ८३ टक्के, ३ विरुद्ध २ मध्ये ७७.५, ४ विरुद्ध ३ मध्ये ७४, ५ विरुद्ध ४ मध्ये ७१.५. आणि कोड ज्याला चालू देतो त्या ५ विरुद्ध ३ मध्ये ८९ टक्के. मरायला एकाहून जास्त गोळ्या लागत असतील तर नशिबाचा वाटा आणखी घटतो आणि मोठी टीम आणखी वरचढ होते.

मडगावच्या मित्राला रात्रीच पाठवलं. "एकच तर जास्त" या वाक्याची किंमत दहातल्या सात राउंड.

लँचेस्टरचा दुसरा नियमही आहे. वाट अरुंद असेल आणि एका वेळी एकाच्याच समोर एक येऊ शकत असेल, तर वर्ग लागत नाही, साधं गुणोत्तर लागतं. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभूंनी जी जागा निवडली तिच्यामागे हेच आहे: मागे कितीही हजार असोत, खिंडीत लढणारे मोजकेच. आमच्या नकाशांमध्ये 'रॅकडीएम१७' म्हणजे मोकळ्या अवकाशात तरंगणारे चौथरे, कुठूनही कुठेही रेल मारता येते. तिथे वर्गाचा नियम पुरेपूर लागतो. म्हणून आजपासून विषम रात्री तो नकाशा बंद. बोळ आणि वळणं असलेले नकाशे विषम दिवसांच्या यादीत टाकले. दहा मिनिटांचं काम होतं.

शनिवार, ८ जून, रात्री १२ च्या आत

क्वेक ३ मध्ये 'हँडिकॅप' नावाची सोय पहिल्यापासून आहे. ५ ते १०० आकडा द्यायचा. त्या प्रमाणात खेळाडूची कमाल हेल्थही उतरते आणि त्याने केलेलं डॅमेजही. दोन्ही उतरतात, म्हणजे आकड्याचा परिणामही वर्गाने होतो. मग पाचांना ८० दिलं की ५ गुणिले ८० आणि ४ गुणिले १००, दोन्हीकडे ४००. प्रोग्रॅममध्ये घातलं तर पाचांची शक्यता ४९ टक्क्यांवर आली. एवढा सुबक तोडगा आधीपासून पडून असताना कुणी वापरत कसा नाही, हेच कळेना.

एलिमिनेशनमध्ये आपल्या सर्व्हरवर सगळे १०० हेल्थने सुरू होतात. तो आकडाही त्याच प्रमाणात खाली आणला आणि १२ राउंड खेळलो. चौघांना ७, पाचांना ५. आकडे छान आले. खेळ मात्र बिघडला.

आज पाचांत असलेला सातारचा दादा म्हणाला, "रेल लागली, आवाज आला, आणि समोरचा चालत निघून गेला. माझी बंदूक खोटी झाली रे." त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. रेलगनचं डॅमेज १००, समोरच्याची हेल्थ १००. एका फटक्यात माणूस पडतो, हीच त्या बंदुकीची ओळख. ८० वर आणलं की दोन फटके लागतात. म्हणजे मशीनगनवाल्याचं नुकसान वीस टक्के आणि रेलवाल्याचं थेट निम्मं. माझ्या गणितात हेल्थ ही गुळगुळीत गोष्ट होती, खेळात तिला पायऱ्या आहेत.

डॅमेज पूर्ण ठेवून फक्त हेल्थ उतरवायची तर ती ६४ वर आणावी लागेल. दोन राउंड करून पाहिलं. रॉकेट शेजारी फुटलं तरी माणूस जातो. मावसबहीण म्हणाली, "यापेक्षा मी बाहेर बसते." हँडिकॅप बंद केला.

मंगळवार, ११ जून

'बॉट_मिनप्लेअर्स' ५ वर ठेवलं की माणसं कमी पडतील तिथे बॉट, म्हणजे संगणक चालवतो तो खेळाडू, आपोआप येतो आणि माणूस आला की निघून जातो. बॉटच्या कौशल्याच्या पाच पातळ्या आहेत. शनिवारी बघू.

शनिवार, १५ जून

चार माणसं आणि एक बॉट, समोर पाच माणसं. तिसऱ्या पातळीचा बॉट रॉकेटसमोर सरळ धावत जातो. चौथ्या पातळीवर नेला तर त्याची रेल अशी लागायला लागली की पाचही जण आधी त्यालाच शोधायला लागले. मधली पातळी काही सापडली नाही.

भाची आज चौघांत होती. तिने विचारलं, "मामा, आमच्याकडे साडेचार जण आहेत ना?" आणि थोड्या वेळाने, "बॉट म्हणजे आपला कच्चा लिंबू."

पहिलं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. दुसऱ्यावर मात्र बराच वेळ विचार करत होतो. आमच्या आळीत कच्चा लिंबू म्हणजे कुणाचं तरी धाकटं भावंड. तो बाद झाला तरी बाद नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, आणि दोन्ही बाजू त्याला सांभाळून घेतात. बॉटला असं सांभाळून घ्यायला कुणाला जीव लावावासा वाटत नाही. "मागे ये" म्हटलं तर तो ऐकत नाही, जिंकल्यावर त्याच्याशी बोलता येत नाही. माणसंच कमी जमली तर बॉट ठीक आहे. नऊ माणसं असताना चौघांना बॉट देणं म्हणजे त्यांची समजूत काढणं.

बुधवार, १९ जून

डोकी मोजणं सोडून माणसाच्या खेळाचं मोजमाप घ्यायचं, या दिशेने चार रात्री गेल्या.

बुद्धिबळात खेळाडूला रेटिंग देणारी एलो पद्धत आधी माहीत होती. आर्पाद एलो हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने त्यांची पद्धत १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये घेतली. पण ती एकास एक लढतीची. टीमसाठी मायक्रोसॉफ्ट रिसर्चने एक्सबॉक्स ३६० च्या वेळी ट्रूस्किल काढलं. त्यात प्रत्येकाची सुरुवात २५ पासून, सोबत अनिश्चितता २५ भागिले ३, आणि टीमची ताकद म्हणजे सभासदांच्या ताकदीची बेरीज.

ही बेरीज विषम संख्येला कशी वागते ते हाताने काढून पाहिलं. नऊही जण २५ चे, आणि त्यांच्याबद्दल पूर्ण खात्री आहे असं धरलं. फरक २५. एका खेळाडूच्या एका सामन्यातल्या चढउताराचं प्रमाण २५ भागिले ६, नऊ जणांचं मिळून ते ९ च्या वर्गमूळाने, म्हणजे तिप्पट वाढतं: बरोबर १२.५. म्हणजे फरक चढउताराच्या दुप्पट, आणि पाचांची शक्यता ९७.७ टक्के! माझा प्रोग्रॅम ७१.५ म्हणतो.

चूक कुठे ते कळायला रात्रीचे दोन वाजले. टीम सारख्या संख्येच्या असतील तर हा २५ कुठून मोजला याने काही फरक पडत नाही, दोन्हीकडून तो वजा होतो. विषम संख्येत तो वजा होत नाही. पाचवा माणूस स्वतःचे पूर्ण २५ घेऊन येतो, आणि तो आकडा सोयीसाठी निवडलेला आहे. शून्य कौशल्याचा माणूस म्हणजे मैदानात नसलेला माणूस, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. शून्याचा माणूसही गोळी खातो, आणि ती गोळी दुसऱ्याची वाचते.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कौशल्यासाठी साधं एलोसारखं रेटिंग, फक्त आपसातला फरक मोजायला. जादा डोक्यासाठी वेगळी भर. ७१.५ टक्के एलोच्या मापात १६० गुण होतात. ४ विरुद्ध ३ ला १८१, ३ विरुद्ध २ ला २१५, २ विरुद्ध १ ला २८०. संख्या घटते तसं जादा माणसाचं वजन वाढत जातं, हे आता एका ओळीत दिसतं. हे आकडे सुरुवातीचे, पुढे आपल्याच लॉगमधून ते दुरुस्त होत राहतील.

शनिवार, २२ जून

नऊ जणांतून चार निवडायचे १२६ प्रकार आहेत. (दहा जणांच्या पाच-पाचच्या दोन टीम करायचेही १२६ च.) संगणक एका क्षणात सगळे तपासतो आणि सगळ्यात समसमान वाटणी देतो. आज राउंड ६-६ झाले, आणि त्यातले चार शेवटच्या माणसापर्यंत गेले. या महिन्यातला सगळ्यात चुरशीचा शनिवार.

खेळ संपल्यावर भाचीने विचारलं, "मामा, मी नेहमी पाचांतच का?"

तिसऱ्यांदा टीम पाडल्यावर तिच्या लक्षात आलं होतं. सातारचा दादा नेहमी चौघांत, ती नेहमी पाचांत. सगळ्यात चांगली वाटणी शोधायची म्हटली की दर वेळी जवळपास तीच सापडते. आणि पाचवी असणं म्हणजे काय, हे बारा वर्षांच्या मुलीला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी तिला काहीतरी उत्तर दिलं. ते मलाच पटलं नाही.

रविवार, २३ जून

सकाळी आईशी फोनवर बोलताना हुतुतूचा विषय निघाला, आणि एकदम डोळ्यांसमोर आलं आम्ही भिडू कसे पाडायचो ते. दोन कप्तान बाजूला उभे. बाकीच्यांनी आपापल्या तोडीचा जोडीदार स्वतःच शोधायचा. जोडी भिंतीआड जाऊन नावं ठरवून यायची, एक चंद्र, एक सूर्य. मग कप्तानासमोर: "चंद्र पाहिजे का सूर्य?" कप्तान न कळता एक मागायचा, दुसरा आपोआप समोर जायचा.

कुणीच शेवटी उरत नव्हतं. कुणाला "तू कच्चा, म्हणून तिकडे" असं ऐकावं लागत नव्हतं. आपल्या तोडीचा कोण हे आपणच ठरवायचो, आणि त्यात मुलं फारशी चुकत नसत, कारण उगाच तगड्या गड्याशी जोडी केली की सगळे हसायचे. न्याय जोडीत असायचा, आणि बाजू नशिबाने ठरायची.

दुपारी लिहून टाकलं. रेटिंगने क्रम, शेजारच्या दोघांची जोडी, प्रत्येक जोडीत नाणेफेक. नऊ जणांत चार जोड्या आणि एक सुटा. सुटा भिडू खालच्या तिघांतून चिठ्ठीने, म्हणजे कायम एकच नाही. त्याचं डोकं १६० पेक्षा हलकंच असणार, भाचीचे "साडेचार" इथे बरोबर बसतात. चार नाणेफेकींतून १६ वाटण्या निघतात. ज्यांत शक्यता ४० ते ६० टक्क्यांच्या आत आहे त्या ठेवायच्या आणि त्यांतली एक उचलायची. सगळ्यात चांगली वाटणी शोधायचा हट्ट सोडला. पुरेशा चांगल्या वाटण्यांतून दर वेळी नवी मिळाली की बास.

शनिवार, २९ जून

सर्व्हरवर कुणी नाही. टी-ट्वेन्टी विश्वचषकाचा अंतिम सामना. सात धावांनी जिंकलो. रात्री सगळे ग्रुपवर होते, आवाज बसलेले.

शनिवार, ६ जुलै

दहा जण, जोडी पद्धत, पाच-पाच. छान चाललं होतं. साडेनवाला मावसबहिणीला उठावं लागलं. माझ्या नव्या स्क्रिप्टने मोजलं आणि बरोबरी करायला एकाला हलवलं. नंतर एक परत आला, एक गेला, पुन्हा हलवलं. मग अजून एकदा.

तिन्ही वेळा माझा पुतण्याच हलला. नियम मी असा लिहिला होता: सगळ्यात शेवटी आलेला हलेल. त्याचा क्लास नऊला सुटतो, म्हणून तो दर शनिवारी शेवटीच येतो. तिसऱ्या वेळी त्याची टीम ६-२ ने पुढे होती, आणि त्यातले तीन राउंड त्याने एकट्याने ओढून आणले होते. स्क्रिप्टने त्याला मागे पडलेल्या बाजूला टाकलं.

"काका, दर वेळी मीच का?" एवढं लिहून तो गेला.

रविवार, ७ जुलै

फोन केला. आधी उचलला नाही. संध्याकाळी त्यानेच केला.

"हरल्याचं काही नाही रे, काका. पण मी जिंकवत आणलेलं. आणि तू मला उचलून तिकडे ठेवलंस. सामानासारखं."

मी म्हटलं, "स्क्रिप्टने ठेवलं, मी बघितलंही नव्हतं." तो म्हणाला, "स्क्रिप्ट तूच लिहिलीस ना?"

हो. मीच लिहिली. महिनाभर मी टीमला न्याय द्यायचा विचार करतोय, आणि तो न्याय ज्या एका माणसाच्या खर्चाने होतो, त्याचा विचार कोडच्या एकाही ओळीत नव्हता.

बुधवार, १० जुलै

हलवण्याचे नियम नव्याने लिहिले. राउंडच्या मध्ये कधीच नाही, दोन राउंडच्या फटीतच. आधी मोठ्या टीममधल्या सगळ्यांना विचारायचं, पंधरा सेकंद थांबायचं, जो कळ दाबेल तो जाईल. कुणीच दाबली नाही तर हलवायचं नाही, विषमच खेळायचं. रात्रीचा हिशोब ज्याचा त्याने खेळलेल्या राउंडवर, टीमवर नाही, म्हणजे बाजू बदलणाऱ्याचं काही बुडत नाही.

मग प्रश्न उरतो: कुणी हललं नाही, ५ विरुद्ध ४ राहिलं, तर?

मोठ्या गेममध्ये काय करतात ते पाहिलं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या विंटरग्रास्प लढाईत (२००८) कमी संख्येच्या बाजूला 'टेनॅसिटी' मिळायची, हेल्थ आणि डॅमेज दोन्ही वाढायचं. म्हणजे माझ्या ८ जूनच्या हँडिकॅपचंच उलटं रूप, आणि त्यात पायऱ्यांचा तोच घोळ. गिल्ड वॉर्स २ मध्ये संख्येने कमी असलेल्यांना 'आउटनंबर्ड' लागतं, ते ताकद वाढवत नाही, फक्त बक्षीस वाढवतं. वॉरक्राफ्टनेच २०१५ मध्ये भाडोत्री सैनिकाची सोय केली, म्हणजे स्वतःच्या मर्जीने समोरच्या बाजूने लढायचं. डोटा २ मध्ये सोडून गेलेल्याचं सोनं उरलेल्या चौघांत वाटलं जातं.

हे सगळं वाचताना मला कबड्डीच आठवत होती. तिथे माणसं कमी होणं हाच खेळ आहे. मॅटवर तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना त्यांनी चढाईपटूला पकडलं तर ती सुपर टॅकल: एकाऐवजी दोन गुण. तिघांच्या हातात जास्तीचं बळ कुणी देत नाही, चढाई करणाऱ्याचे पाय कुणी बांधत नाही. फक्त त्यांनी जे केलं ते अवघड होतं हे गुणफलक मान्य करतो. आणि सगळेच बाद झाले तर लोण: समोरच्याला दोन जादा गुण, आणि सातही जण पुन्हा आत. पडलेली टीम पडलेलीच राहत नाही.

मग बंदुकीला हात न लावता गुणच का बदलू नयेत? ५ विरुद्ध ४ मध्ये चौघांची शक्यता २८.५ टक्के, पाचांची ७१.५. भागाकार अडीच. चौघांनी राउंड घेतला तर ५ गुण, पाचांनी घेतला तर २. सरासरी काढली: चौघांना दर राउंडला १.४२, पाचांना १.४३. इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं. ३ विरुद्ध २ ला सातास दोन, २ विरुद्ध १ ला पाचास एक. ४ विरुद्ध ३ ला तीनास एक जवळपास बसतं.

टीम डेथमॅचसाठी हे चालणार नाही, तिथे माणूस मेल्यावर पुन्हा येतो. क्वेक ३ मध्ये १.७ सेकंदांनी परत येता येतं. तिथे वेळेने बरोबरी करता येईल: सरासरी आयुष्य २० सेकंद धरलं तर पाचांना सुमारे ७ सेकंद थांबवलं की मैदानावर दोन्हीकडचे हजर भिडू सारखे होतात. आम्ही तो मोड क्वचित खेळतो, म्हणून कोड लिहून बाजूला ठेवला.

शनिवार, १३ जुलै

नऊ जण. पुतण्या आला नाही.

सगळ्यांना आधी नियम सांगितला. १३ राउंड झाले. पाचांनी ९ घेतले, चौघांनी ४. गुण १८ विरुद्ध २०, म्हणजे चौघे जिंकले.

खेळताना जे दिसलं ते आकड्यांपेक्षा मोठं आहे. चौघे लपून राहिनात. बाराव्या राउंडला दोघे उरले, सातारचा दादा आणि भाची, समोर तिघे. हेडफोनमधून ती ओरडली, "दादा, तू वर जा, मी दाराशी आहे!" दादाने दोन टिपले, तिसरा तिच्या रॉकेटने पडला. पाच गुण. तिच्या आवाजात जे होतं ते मला या सर्व्हरवर कॉलेज संपल्यापासून ऐकू आलं नव्हतं. दादाची रेल खरी होती, तिचं रॉकेट खरं होतं.

मडगावच्या मित्राची तक्रार: "नऊ राउंड आम्ही जिंकलो आणि सामना हरलो?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. राउंड जिंकल्याचा आनंद गुणफलकाकडे बघून निम्मा होतो, हे खरंच आहे. गणित बरोबर असूनही पाचांना ते जाचतं. मग त्यानेच विचारलं, "गल्लीत क्रिकेटला एक माणूस जादा असला की आपण काय करायचो?"

कॉमन! दोन्हीकडून बॅटिंग करणारा कॉमन.

शनिवार, २० जुलै

पुतण्या सव्वानऊला आला. काही बोलला नाही, थोडा वेळ बघत बसला, मग खेळला. मध्येच एक जण गेला आणि पडद्यावर प्रश्न आला: समोर कोण जाईल? सहा-सात सेकंद कुणीच कळ दाबली नाही. मग मडगावच्या मित्राने दाबली. पुतण्या जिथे होता तिथेच राहिला. रात्री त्याचा मेसेज आला: "विचारतं आता?" मी "हो" लिहिलं.

शनिवार, २७ जुलै

नऊ जण. कॉमनची पहिली रात्र. निम्मे राउंड या टीममधून, निम्मे त्या टीममधून, म्हणजे जादा डोक्याचा फायदा दोघांना सारखाच. गुण एकास एक, बंदुका जशाच्या तशा. कॉमन कोण, हे कळ दाबून ठरायचं. पुतण्याने दाबली, आणि पाठोपाठ भाचीनेही. दोघांनाही दोन्हीकडून खेळायचं होतं. पहिला सामना त्याचा, दुसरा तिचा असं ठरलं.

पहिल्यात ७-५, दुसऱ्यात ६-६.

एक काम राहिलंय. क्वेकच्या कोडमध्ये खेळाडूला एका वेळी एकच टीम असते, त्यामुळे बाजू बदलताच गुणफलकावरून कॉमनचे पहिल्या अर्ध्यातले टिपलेले गडी पुसले जातात. पुतण्याचे आठ गेले. लॉगमध्ये ते आहेत, मी त्याला यादी पाठवली. पुढच्या शनिवारच्या आत ते गुणफलकावर दिसायला हवेत, त्याच्या नावासमोर, दोन्ही रंगांत.